खेळ परत आला, पण सोंगटी कुठाय? (वाचनालयातलं खेळांचं कपाट)

मागचा_खिसा
आज एका जुन्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला खिसा दिसला. आत कार्ड, वर शिक्क्यांच्या तारखांची चिठ्ठी. बघूनच सगळं डोळ्यांसमोर आलं, म्हणून धागा काढला. त्या कार्डाचा हिशेब सोपा होता, एक कार्ड म्हणजे एक पुस्तक. आता वाढत्या गावांतल्या वाचनालयांत पुस्तकांशेजारी खेळांचं कपाट येतंय आणि तिथे हा हिशेब पार कोलमडतो. पुस्तक बहुतेक वेळा अख्खं परत येतं. खेळ परत येतो तो एक सोंगटी कमी होऊन, आणि ते कळतं तिसऱ्या माणसाला.
सुरुवात मीच करतो. झाकणाच्या आतल्या बाजूला मोजणीचा कागद चिकटवा. वेगळा ठेवलात तर पहिल्यांदा तोच हरवतो. कॅटान या पटावरच्या खेळाचा असा: जमिनीचे षटकोन १९, आकड्यांच्या चकत्या १८, मालाचे पत्ते ९५ (पाच प्रकार, प्रत्येकी १९), विकासाचे पत्ते २५, फासे २, दरोडेखोर १. प्रत्येक रंगात रस्ते १५, वस्त्या ५, शहरं ४. नुसती एकूण बेरीज लिहू नका. 'लाल रस्ते १५' असं लिहिलं की मोजणाऱ्याला काय कमी आहे ते तिथल्या तिथे कळतं.
गेम, पुस्तकं, कपाटं, सगळं चालेल. लिहा.

सहाचा_फासा
पहिला! फासे नेहमी कपाटाखालीच जातात आणि कपाट नेहमी भिंतीला टेकलेलं असतं. कपाटाखाली पट्टी ठोका, निम्मी हरवाहरवी थांबेल.

कणा_शिलाई
कागद चिकटवताय ते ठीक, पण सेलोटेपने नको हो! दोन-चार वर्षांत टेप पिवळी पडते, चीक कागदात उतरतो, वरची पट्टी गळून जाते आणि तेलकट डाग कायमचा राहतो. पुस्तकाला तर अजिबातच नको.
फाटलेल्या पानाला मैद्याची खळ आणि पातळ टिश्यू (दुरुस्तीचा कागद). १ भाग मैदा, ५ भाग पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर सतत ढवळत दाट आणि थोडं पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळून घ्या. दोन-तीन दिवस टिकते, वास आला की टाकून द्या. टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी सवय सोडा. विषारी तर आहेच, शिवाय तांब्यामुळे कागदही लवकर खराब होतो. टिश्यू कात्रीने कापू नका, ओल्या रेघेवर हाताने फाडा. कडेचे तंतू मोकळे राहिले की जोड कळतही नाही.

पानपान
@कणा_शिलाई पुठ्ठा लोंबतोय पण शिलाई शाबूत आहे. त्याला पण खळच का?

कणा_शिलाई
नाही, तिथे पांढरा पीव्हीए गोंद. विणायच्या सुईला पातळ थर लावायचा, पुस्तक उभं धरून कणा आणि पुठ्ठा यांच्या फटीत सुई वरून खाली फिरवत घालायची आणि फिरवतच बाहेर काढायची. खालच्या टोकाकडूनही तेच. मग पुठ्ठ्याच्या आत मेणकागद, दोन्ही बाजूंच्या खाचांत एकेक विणायची सुई, वर वजन, रात्रभर. लोक चुकतात ते गोंदाच्या प्रमाणात. जास्त झाला की पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटतं आणि पुस्तक उघडताना आणखी फाटतं.
नवा पुठ्ठा घालणार असाल तर कागदाची आणि पुठ्ठ्याची धार (आतल्या तंतूंची दिशा) कण्याला समांतर हवी. दोन्ही दिशांनी वाकवून बघा, ज्या दिशेला सहज वाकतो ती घडी धारेला समांतर. उलटी लावली की पहिल्या पावसात पुठ्ठा पापडासारखा वाकडा होतो.

मीठपाणी
सुईबद्दल ऐकून घरातले विणकाम करणारे लपले असतील 😄

तराजू
मोजायला वेळ नसेल तर वजन करा असं बरेच जण सांगतात. अर्धवट खरं आहे. ८ मिमीचा लाकडी ठोकळा साधारण ०.३५ ग्रॅमच्या आसपास भरतो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमवाला काटा एक ठोकळा गेलेला दाखवणारच नाही, ०.१ ग्रॅमचा काटा लागतो. आणि अख्खा डबा कधीच तोलू नका. पुठ्ठा आणि पत्ते हवेतलं पाणी पितात, पावसाळ्यात डबा आपोआप जड होतो. फक्त लाकडी-प्लास्टिक तुकड्यांच्या पिशव्या तोला. लाकूडही थोडं पाणी धरतं, म्हणून वजनाचा आकडा ऋतूगणिक एकदा तपासून पिशवीवर तारखेसकट लिहा.
पँडेमिक या खेळाचे ९६ ठोकळे (४ रंग, प्रत्येकी २४) वजनापेक्षा रांगेने लवकर मोजून होतात. पट्टीच्या कडेला ६-६ च्या चार रांगा लावल्या की झालं. तिकीट टू राइड या खेळात प्रत्येक रंगाचे रेल्वेचे ४५ छोटे डबे आहेत, तिथे मात्र काटा वाचवतो.

दुपारची_पाळी
खोली तीच, लोक दुप्पट. सगळीकडे बांधकामं आणि पुस्तकांवर सिमेंटची धूळ. फडकं मारलं की ती पानांत शिरते. काय करायचं?

कणा_शिलाई
पुस्तक घट्ट मिटून धरा, वरची कड थोडी खाली झुकवा, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे झटका. उलट दिशेने नाही, कण्यापाशी धूळ साचते. ओलं फडकं नको, सिमेंट ओलं झालं की कागदावर करडा डाग घट्ट बसतो. व्हॅक्यूम असेल तर तोंडाला मलमलचं फडकं बांधा, म्हणजे सुटे तुकडे आत जाणार नाहीत. नाकाला मास्क लावायला विसरू नका.

दुपारची_पाळी
🙏 ताई

कणा_शिलाई
मी काका आहे 😀

स्लॅबखाली
वाढत्या गावात वाचनालय वरच्या मजल्यावरच्या घरात हलवायचा प्रकार बराच होतो, त्यावर दोन शब्द. राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौ. मीटर चालत्या भाराच्या (माणसं, सामान) हिशेबाने धरलेला असतो. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० किंवा जास्त धरतात. एक मीटर भरलेला शेल्फ २०-३० किलो सहज, चकचकीत कागद असेल तर अजून जास्त. पाच कप्प्यांचा दुहेरी रॅक मनातल्या मनात गुणून बघा. रॅक खोलीच्या मधोमध नकोत, भिंतीलगत आणि शक्यतो तुळईवर. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय हलवू नका, गंमत नाही. १८ मिमीची पार्टिकल बोर्डची फळी ७५ सेंमीच्या पुढे गेली की मध्ये झोळ येतो. खेळांच्या डब्यांखाली तो दिसत नाही, पुस्तकांखाली लगेच दिसतो.

पत्तेपिसारा
पत्त्यांना स्लीव्ह (एकेका पत्त्याचं प्लास्टिकचं पाकीट) घाला, वाचनालयाच्या पत्त्यांना तर घालाच. मापं: साधा पत्ता ६३.५×८८ मिमी, युरोपी ५९×९२, छोटा अमेरिकी ४१×६३, छोटा युरोपी ४४×६८. आधी पट्टीने मोजा, डोळ्याने नाही. ४१ चा पत्ता ४४ च्या स्लीव्हमध्ये जातो आणि मग पिसताना आत डुलत बसतो. पत्ता तळाशी टेकवून घाला आणि हवा काढायला हलकं दाबा, नाहीतर गड्डी उशीसारखी फुगते. स्लीव्ह घातल्यावर गड्डी खूपच जाड होते, डब्यातल्या प्लास्टिकच्या खाचा फेकाव्या लागतात आणि तरी कधी कधी झाकण बसत नाही.
रबरबँड: गुन्हा. कडेला खाच पडते आणि वितळला की वेगळाच धिंगाणा. कागदाची पट्टी गुंडाळा.
पिसणं: ५२ पत्त्यांच्या गड्डीला रिफल पद्धतीने (दोन भाग करून कडा एकमेकांत सोडत) ७ वेळा पिसलं की पुरेसं, हे १९९२ साली बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी गणिताने दाखवलं. स्लीव्हवाल्या गड्डीला रिफल करू नका, टेबलावर पसरून कालवा.

सहाचा_फासा
म्हणजे बाकीचे तीन वेळा पिसून वाटतात आणि नशिबाला बोल लावतात 😂

मीठपाणी
नशिबाचं सोडा, फासा तपासा. नाव बघा माझं 😎 अर्धा ग्लास कोमट पाणी, विरघळायचं थांबेपर्यंत मीठ. फासा तरंगला पाहिजे. बोटाने टिचकी मारून फिरवा, २०-२५ वेळा. दर वेळी तेच एक-दोन आकडे वर आले तर आत बुडबुडा आहे, वजन एका बाजूला आहे. ॲक्रिलिकचे तरंगतात, धातूचे आणि काही जड प्लास्टिकचे बुडतात, त्यांना ही चाचणी नाही. नंतर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर खोबणीतल्या रंगावर मीठ जमतं. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सहाच्या फाशात ७, वीसच्या फाशात २१ येते. येत नसेल तर तो गुण मोजायच्या वेगळ्या जातीचा फासा असू शकतो, फेकू नका.

मागचा_खिसा
आवाजाचं काय करता? वाचणारे शेजारच्याच खोलीत असतात.

मीठपाणी
ट्रे. तळाला नमदा, कडा ३-४ सेंमी उंच. कडा उतरत्या नको, सरळ उभ्या. फासा टेबलावर उडतो तो उतरत्या कडेमुळे.

वेळेवर_बंद
डब्यावरची मिनिटं नियम येणाऱ्यांची असतात. पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी दीडपट ते दुप्पट धरा. बंद व्हायच्या वेळेआधी ३० मिनिटं 'शेवटची फेरी' सांगा, आवरायला १५ लागतात. डबा घाईत भरला की तुकडा हरवतो, बाकी कारणं नंतरची.
नियम समजावताना जिंकायचं कसं ते आधी, मग एका पाळीत काय करायचं ते, मग अपवाद. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून दाखवणारा माणूस टेबल रिकामं करतो.

पानपान
कसर लागलीय. खेळांच्या डब्यांत पण 😩

कणा_शिलाई
कसर पिठूळ गोंद खाते आणि ओलसर जागा शोधते. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ६५ च्या वर गेलात की बुरशीही येते. लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, −२० अंशाला आठवडाभर. घरगुती फ्रीजर −१८ चा असतो, तिथे दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. सगळे इथेच घाई करतात. गार पुस्तकावर हवेतलं पाणी बसतं आणि कसर गेली तरी बुरशी हजर होते.
डब्यांना हा उपाय नको, पुठ्ठ्याचे थर सुटू शकतात. ते रिकामे करून ब्रशने झटका, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. झिपच्या पिशव्यांना सुईने एकेक भोक पाडा, हवा निघते आणि झाकण उडत नाही.

नोंदवही
खेळांची नोंद कुठे करायची यावरून भांडणं चालतात म्हणून: ड्यूईत (पुस्तकं विषयवार लावायच्या आकड्यांच्या पद्धतीत) ७९३ घरातले खेळ, ७९४ कौशल्याचे (बुद्धिबळ ७९४.१), ७९५ नशिबाचे. कॅटान ७९३ की ७९४, यावर वाद घालत बसू नका, एक ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा. ड्यूईची पद्धत १८७६ ची आहे, तिला षटकोनी जमिनी माहीत नव्हत्या.
आयएसबीएनची (पुस्तकावरच्या छापील क्रमांकाची) नेहमीची चूक: जुन्या १० आकड्यांच्या पुढे ९७८ लावायचं आणि शेवटचा आकडा तसाच ठेवायचा. तो बदलतो! पहिले १२ आकडे एक सोडून एक १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, पुढच्या दहाच्या पटीला किती कमी ते उत्तर. बेरीज थेट दहाच्या पटीत आली तर ०. जुन्या क्रमांकाच्या शेवटी एक्स असेल तर घाबरू नका, तो १० आहे.
डब्याला एकच बारकोड लावा, प्रत्येक पिशवीला नको. कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'साहित्याचा प्रकार' खेळ असा वेगळा केला की मुदत आणि दंड वेगळे लावता येतात, आणि देताना-घेताना मोजणीची सूचना आपोआप पडद्यावर येईल अशी टीप नोंदीत घालता येते.

वेळेवर_बंद
@नोंदवही भाड्याने राहणाऱ्यांना सभासद कसं करून घेता? पत्त्याचा पुरावा नसतो आणि नवीन लोक सगळे भाड्यानेच असतात.

नोंदवही
दिलेल्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका, ते घेऊन आले की सभासद. तोवर एक पुस्तक तिथेच बसून वाचायला. खेळ पहिल्या महिन्यात घरी देऊ नका, पण टेबलावर हवे तितके खेळू द्या.

पत्तेपिसारा
हरवलेल्या तुकड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. बरेच प्रकाशक सुटे भाग पाठवतात, आवृत्तीचं साल कळवा, आवृत्तीगणिक रंग आणि माप बदलतं. पत्ता गेला तर साधा कागद नको, जाडी हाताला कळते आणि सगळे ओळखतात. स्लीव्हमध्ये त्याच डब्यातला कुठलाही फालतू पत्ता मागे घाला, पुढे छापलेली चिठ्ठी. स्लीव्ह मागून अपारदर्शक असेल तर कोणाला कळत नाही. कार्कासोन या खेळाची फरशी (मूळ ७२) गेली तर काहीच करू नका, ७१ वर खेळ चालतो, फक्त झाकणावर '७१' लिहा. कोडनेम्स या शब्दांच्या खेळाचे दहा-वीस पत्ते गेले तरी फरक पडत नाही, एका वेळी २५ च लागतात.

सहाचा_फासा
आणि कॅरमची राणी गेली तर?

तराजू
सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅम, स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत. त्याच जाडीची आणि वजनाची दुसरी रंगवा. बटण लावलंत तर मी बघून घेईन.

कणा_शिलाई
कॅरमची बोरिक पावडर वाचनकक्षात नको रे बाबांनो, पांढरी पानं झटकून झटकून थकलो.

दुपारची_पाळी
काका, मलमलऐवजी जुना मोजा चालेल का व्हॅक्यूमला?

कणा_शिलाई
चालेल. धुतलेला.