कानस घासून कुणी इंजिनियर होतो का?

तिरपागियर:
परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं की मेकॅनिकलच्या विभागातलं फिटिंग शॉप बंद करून टाकावं. "चौकोनी तुकडा घासून कुणी इंजिनियर झालेला नाही. ते तास सिम्युलेशनला आणि पायथनला द्या." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस दातओठ खात गप्प बसलो, आता लिहितोच.

५० बाय ५०, ६ मिमी जाडीचा एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा. काम इतकंच की चारही कडा सरळ आणि काटकोनात आणायच्या. मला वाटलं, तासाभरात उरकेल. एक कड घासली, गुण्या लावून उजेडाकडे धरली, तर दोन्ही टोकांना उजेडाची फट आणि मध्ये अंधार. म्हणजे कड मध्ये फुगीर. कानस पुढे नेताना हात झोपाळ्यासारखे डोलतात, त्याचा हा प्रसाद. सुरुवातीला दाब पुढच्या हातात हवा, तो सरकत सरकत मुठीच्या हातात यायला हवा, आणि परत आणताना अजिबात दाबायचं नाही. तिसऱ्या दिवशी फट गेली. त्या आनंदात समोरची कड जरा जास्तच मारली आणि माप ४९.६ वर उतरलं. घासलेलं परत चिकटत नाही. ज्याने हे एकदा भोगलंय तो ड्रॉइंगवर दिसेल त्या मापापुढे प्लस-मायनस ०.०१ लिहीत सुटत नाही.

मेशवाला:
ते महाशय मीच. नमस्कार.

तीन दिवस घासून जे शिकलात ते तुम्ही पाच ओळींत लिहिलंत. मग पाच ओळींतच शिकवा की. मी नऊ वर्षं एफईए (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस) करतोय, म्हणजे संगणकावर पार्टचे बारीक तुकडे पाडून कुठे किती ताण येतो ते काढतोय, या नऊ वर्षांत कानशीला हात लावलेला नाही आणि माझे पार्ट तुटलेले नाहीत. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव १९६० चं. विभागात तो अजून शेवटच्या वर्षाचा ऐच्छिक विषय, आणि हातोडा-छिन्नी पहिल्या वर्षापासून सक्तीची. याला परंपरा म्हणतात, शिक्षण नाही.

सुटाबोल्ट:
+१ मेशवाला.

जुनाखोड:
शिकवण्यात हयात गेली म्हणून एक किस्सा सांगतो. एका पोराने एल आकाराच्या ब्रॅकेटचं अ‍ॅनालिसिस आणलं. आतल्या कोपऱ्यात स्ट्रेस १८०. मी म्हटलं, मेश, म्हणजे ते पाडलेले तुकडे, बारीक कर. २६०. अजून बारीक कर. ४१०. पोरगं घामाघूम. शेवटी विचारतं, "सर, सबमिशनला कुठली मेश लावू?"

मेशवाला:
अहो सर, धारदार आतल्या कोपऱ्यात थिअरीनेच स्ट्रेस अनंताकडे जातो, मेश कितीही बारीक केली तरी आकडा थांबणार नाही. हे इलॅस्टिसिटीचं गणित सांगतं. कानस नाही सांगत. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभार.

जुनाखोड:
गणित फक्त एवढं सांगतं की आकडा खोटा आहे. कोपरा खोटा आहे हे कोण सांगणार? एंड मिलने, म्हणजे मिलिंग मशीनच्या फिरत्या कटरने, खाच मारली की आतला उभा कोपरा कटरच्या त्रिज्येचाच येतो, कारण कटर गोल असतो. ज्याने एकदा मिलिंगसमोर उभं राहून हे बघितलंय तो मॉडेल काढतानाच तिथे गोलाई देतो. हा पोरगा जी वस्तू बनूच शकत नाही तिचं अ‍ॅनालिसिस करत बसला होता.

मेशवाला:
बरं. हा एक मुद्दा दिला. पावती फाडून देऊ का?

सुटाबोल्ट:
कोपऱ्यावरून आठवलं. १९५४ ला कॉमेट ही जेट प्रवासी विमानं चौकोनी खिडक्यांमुळेच पडली ना? तेव्हा एफईए असतं तर वाचली असती.

जुनाखोड:
चौकोनी खिडक्या हे लोकांनी घोटून घोटून खरं केलेलं प्रकरण आहे. कोपऱ्यांना गोलाई होती, पण ताण धरल्यापेक्षा बराच जास्त येत होता. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत तडा छतावरच्या अँटेनाच्या झरोक्यापाशी सापडला. आणि उलगडा कसा झाला? इंग्लंडात फार्नबरोला दुसऱ्या एका कॉमेटचं आख्खं धड पाण्याच्या टाकीत बुडवलं, आत दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. आधीची उड्डाणं धरून ३,०५७ व्या फेरीला फाटलं. कागदावर ते उडायला ठणठणीत होतं बरं का.

मेशवाला:
म्हणजे प्रयोगशाळा हवी. ती हवीच, मी कुठे नको म्हणतोय? पण टाकीत विमान बुडवणं वेगळं आणि पोरांकडून लोखंड घासून घेणं वेगळं.

ठिणगी:
सगळे वर्कशॉपच्या आठवणींनी गहिवरलेत, म्हणून माझीही एक.

लेथच्या बॅचला आम्ही चार मुली. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "तुम्ही लांबूनच बघा, केस अडकतील." आम्ही केस टोपीत खोचून, बाह्या दुमडून आलो होतो. तरी जॉब मुलांनी केला आणि जर्नल आम्ही लिहिलं, त्यांचंसुद्धा. फेसिंग, टर्निंग, नर्लिंग, सगळं सुवाच्य अक्षरात. चक की, म्हणजे जॉबची पकड आवळायची चावी, चकमध्येच ठेवून मशीन चालू करायला निघाला तो मात्र मुलगा होता, मी लांबून बघत होते म्हणून ओरडले.

पहिला कट मी घेतला तो नोकरी लागल्यावर, सुट्टीच्या दिवशी, एका ऑपरेटरच्या हातापाया पडून. जॉब थोडा जास्त कापला गेला म्हणून टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं, तर टूल हलेचना. हँडल नुसतंच फिरतंय. मग अचानक टूल सरकलं. बॅकलॅशची व्याख्या मी वायवाला घडाघडा म्हटली होती, बॅकलॅश मला कळला तो त्या दिवशी.

तेव्हा शॉप बंद करू नका म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी सांगावं, ते उघडं कुणासाठी होतं?

तिरपागियर:
वाचून खरंच वाईट वाटलं. पण हा दोष त्या इन्स्ट्रक्टरचा, शॉपचा नाही.

ठिणगी:
अहो, लेथ काय स्वतःहून बॅच पाडतं? शॉप म्हणजे ती माणसंच. आणि मेशवाला, माझी पोस्ट तुमच्या बाजूची समजून खिशात घालू नका. बॅकलॅश पाच ओळींत शिकवून झाला होता मला.

मेशवाला:
मी काही बोललोच नाही!

सुटाबोल्ट:
कानस राहू द्या, आधी ती पेन्सिलची शीट बंद करा. वर्षभर बोर्डवर वाकून मान मोडली. निम्मा वर्ग काचेखाली दिवा लावून एकमेकांच्या शीटा ट्रेस करायचा. एवढं करून फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, म्हणजे वस्तूची कुठली बाजू कागदावर कुठे काढायची, हा घोळ कुणाच्या डोक्यातून गेला नाही तो नाहीच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या ब्रॅकेटचे चाळीस नग आरशातल्यासारखे उलटे बनून आले. डाव्या बाजूचा उजव्या बाजूचा झाला. माझं थर्ड अँगलचं ड्रॉइंग बनवणाऱ्यांनी फर्स्ट अँगल म्हणून वाचलं. चाळीसच्या चाळीस भंगारात, आणि शिव्या मला. जगभर एकच पद्धत ठेवा, थर्ड अँगल. वरून दिसतं ते वर, उजवीकडून दिसतं ते उजवीकडे. शेंबडं पोरही वाचेल.

तिरपागियर:
फर्स्ट अँगलही तितकंच सरळ आहे. पुस्तक टेबलावर ठेवा आणि उजवीकडे लोळवा. वर कुठली बाजू आली? डावी. म्हणून डावी बाजू उजवीकडे काढायची. ज्याने हातात वस्तू फिरवलीय त्याला अवघड जात नाही. वाचता येईना, ड्रॉइंग वाकडं!

सुटाबोल्ट:
मी वाचलं नव्हतं, मी काढलं होतं. वाचायच्या आधीच म्हणी फेकू नका. आणि पुस्तक लोळवून ड्रॉइंग समजवावं लागतं, तिथेच ती पद्धत नापास.

मेशवाला:
कसले अँगल आणि कसली पुस्तकं. थ्रीडी मॉडेल पाठवा, विषय संपला.

तिरपागियर:
आणि टॉलरन्स, मापात चालणारी कमी-जास्त सूट? नुसता २५ चा गोल पाठवून शाफ्ट बसतो का?

मेशवाला:
टॉलरन्स मॉडेलवरच लिहिता येतो, बऱ्याच वर्षांपासून. उंटावरून शेळ्या हाकायचं सोडून एकदा खाली उतरा.

तिरपागियर:
नऊ वर्षांत कानशीला हात न लावलेला माणूस मला उंटावरून उतरायला सांगतोय. हसावं की रडावं.

जुनाखोड:
भांडा, पण आकड्यांनी भांडा. एच७, जी६ ही ठरलेल्या टॉलरन्सची नावं. २५ मिमी एच७ चं भोक २५.००० ते २५.०२१. जी६ चा शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. शाफ्टला मिळालेली जागा १३ मायक्रॉन, माणसाचा केस याच्या चौपट तरी जाड असतो. हे मॉडेलवर लिहा, कागदावर लिहा, नाहीतर भिंतीवर लिहा. लिहिणाऱ्याला १३ मायक्रॉन म्हणजे किती कष्ट, ते ठाऊक हवं.

एन्ट्रॉपीकाका:
विषय विभागातल्या शिक्षणाचा आहे ना? मग थर्मोबद्दल, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सबद्दल, कुणीच का बोलत नाही? कार्नोने १८२४ साली उष्णता म्हणजे न आटणारा प्रवाही पदार्थ असं धरून, म्हणजे पायाच चुकीचा घेऊन, इंजिनाच्या कार्यक्षमतेची मर्यादा बरोबर सांगितली. यापेक्षा सुरस गोष्ट अख्ख्या अभ्यासक्रमात नाही. चार वर्षांत एकाही सरांनी सांगितली नाही. स्टीम टेबलमधून, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यातून, आकडा उचलायला मात्र घोटून घेतलं.

सुटाबोल्ट:
काका, वेगळा धागा काढा.

एन्ट्रॉपीकाका:
काढला होता. शून्य प्रतिसाद.

ठिणगी:
सुटाबोल्ट, तुमच्या ब्रॅकेटचं काही जुळत नाहीये. ड्रॉइंगच्या चौकटीत प्रोजेक्शनचं चिन्ह असतं, कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं. ते बघितल्याशिवाय कुणी नग मारायला घेत नाही. चिन्ह नव्हतं का?

सुटाबोल्ट:
होतं.

तिरपागियर:
मग?

सुटाबोल्ट:
चौकट जुन्या ड्रॉइंगवरून उचलली होती.

तिरपागियर:
म्हणजे व्ह्यू थर्ड अँगलचे आणि चिन्ह फर्स्ट अँगलचं? अहो, मग त्या लोकांनी बरोबर वाचलं की!

सुटाबोल्ट:
हो, बरोबर वाचलं. झालं समाधान? चौकट उचलली ती हाताने काढलेल्या शीटवरून नाही, कॅडमधल्या टेम्प्लेटवरून. घ्या मेशवाला, ही तुमच्या खात्यावर.

मेशवाला:
माझ्या का?