मदत हवी आहे: पडलेली हार्डडिस्क 'फॉरमॅट करा' म्हणते, केळीचा सगळा हिशेब आत अडकलाय

तापीकाठ

नमस्कार मंडळी, सावद्याहून लिहितोय. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हीही काय सांगणार.

आमच्या घरी २०१३ पासून केळीचा हिशेब कम्प्युटरवर आहे. त्याआधी नाना (माझे वडील) लाल वहीत लिहायचे. कटाईची तारीख, घड किती, काट्यावरचं वजन, त्या दिवशीचा भाव, गाडी नंबर, पैसे कधी आले, सगळं एक्सेलमध्ये. वर्षाला एक फाइल. पुढे टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) घेतलं, तेही त्याच डिस्कवर. शिवाय सातबारे, पीकविम्याच्या पावत्या, लग्नांचे फोटो. आणि आजीच्या कानबाईच्या (आमच्या खान्देशातली देवी) गाण्यांचे पाच व्हिडिओ.

डिस्क १ टीबीची, खिशात मावणारी, सहा वर्षं वापरलेली. मागच्या मंगळवारी दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि डिस्क त्याला जोडलेली. कूलर सरकवायला उठलो तर वायर पायात आली आणि डिस्क टेबलावरून थेट शहाबादी फरशीवर. चालू असताना. आवाज फार मोठा नव्हता, पेन पडल्यासारखा.

त्यानंतर एकदा उघडली, फोल्डरची नावं दिसली, कॉपी करायला गेलो तर लॅपटॉपच अडकला. पुन्हा लावली तर विंडोज म्हणे, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. मी जेवायला बसलो तेवढ्यात भाच्याने 'हो' दाबलं. अर्ध्या मिनिटाने 'फॉरमॅट पूर्ण होऊ शकलं नाही' असा मेसेज आला. पोराला बोलून काय उपयोग, त्याला मदतच करायची होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका दुकानात दिली. त्यांनी रात्रभर कुठलंतरी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून ठेवलं, सकाळी '१४ टक्क्यांवर थांबलंय' म्हणून परत दिली आणि ८०० रुपये घेतले.

आता डिस्क लावली की फिरते, मग टिक... टिक... असा आवाज, मग पुन्हा फिरते. आकार ९३१ जीबी दिसतो, पण पुढे 'रॉ' लिहिलंय, म्हणजे आतली मांडणी विंडोजला ओळखता येत नाही.

घाई अशासाठी की एका व्यापाऱ्याकडे मागच्या कांदेबागाचे (केळीचाच एक हंगाम) पैसे बाकी आहेत. तो म्हणतो दोन गाड्या, आम्ही म्हणतो तीन. आठ दिवसांनी चार माणसांसमोर बैठक आहे आणि वजनं त्या फाइलमध्ये. घरच्या घरी काही करता येईल का? व्हिडिओत डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात, ते खरं का?

सोल्डरगन

भाऊ, डिस्क अजून लॅपटॉपला लावलेली असेल तर आधी केबल काढ. मग पुढचं वाच.

भुसावळला वीस वर्षं हेच दुरुस्तीचं काम केलंय. टिक टिक म्हणजे आतलं हेड (माहिती वाचणारा भाग) आपली जागा शोधतंय आणि सापडत नाही म्हणून मागे येऊन पुन्हा निघतंय. अशा डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. पडल्यामुळे हेड वाकलं असेल तर प्रत्येक फेरीला ते चुंबकीय थर खरवडू शकतं. खरवडलेलं जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. रात्रभर चालवलं हे सगळ्यात वाईट झालं. भाच्याचं फॉरमॅट त्यापुढे काहीच नाही.

क्विक फॉरमॅटमध्ये माहिती पुसली जात नाही, फक्त अनुक्रमणिका नवी लिहिली जाते. एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) तिला एमएफटी म्हणतात. विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या डिस्कवर ती बहुतेकदा ३ जीबीच्या आसपास सुरू होते. एका फाइलची नोंद १ केबीची. नव्या फॉरमॅटने सुरुवातीच्या थोड्या नोंदी जातात, मागच्या हजारो तशाच पडून असतात. पूर्ण फॉरमॅट झालं असतं तर गोष्ट वेगळी, व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज त्यात सगळीकडे शून्य लिहितं. तुझं अर्ध्या मिनिटात थांबलं, म्हणजे वाचला.

काल-परवा त्या दुकानात किंवा तू स्वतः क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहिलं होतं का? त्याचा फोटो असेल तर 'सी५' ओळीतला आकडा सांग. फोटो नसेल तर राहू दे, त्यासाठी डिस्क पुन्हा लावू नकोस.

धुळेकर७१

फ्रीजरचं मी सांगतो भो. माझी एक डिस्क २००६ साली अशीच गेली होती. पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, सकाळी वीस मिनिटं चालली, तेवढ्यात पोरांच्या बारशाचे फोटो काढून घेतले. करून पाहायला काय जातं?

सोल्डरगन

दादा, तुमची चालली ते तुमचं नशीब. त्या वेळच्या काही डिस्क थंड झाल्यावर थोडा वेळ सुटायच्या. पण आज बाहेर ४४ डिग्री आहे. फ्रीजरमधून काढलेली पाण्याची बाटली सावद्याच्या मे महिन्यात टेबलावर ठेवून बघा, दोन मिनिटांत खाली पाणी साचतं. तेच पाणी तबकडीवर. अशी डिस्क हवाबंद नसते, तिला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं. ज्याला आपली डिस्क जिवंत हवी त्याने फ्रीजर कुल्फीसाठी ठेवावा.

तापीकाठ

केबल काढली. दुकानदाराने पाठवलेला एक फोटो मोबाइलमध्ये सापडला. पिवळ्या रंगात 'सावधान' आणि सी५ पुढे बरीच शून्यं, शेवटी ३ई८. हा काय आकडा झाला?

सोल्डरगन

तिथे आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पद्धतीने दिसतात. ३ई८ म्हणजे १०००. एक हजार सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) वाचता न आल्यामुळे 'पेंडिंग'मध्ये पडलेत, आणि तेही रात्रभर चालवल्यानंतरचे. ही डिस्क मरायला टेकलीये.

आता दोन वाटा. पहिली: लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कम्प्युटर चालू करायचा, म्हणजे विंडोज मध्ये लुडबुड करत नाही, आणि डीडीरेस्क्यू नावाच्या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या २ टीबीच्या डिस्कवर उतरवायची. ते आधी सोपा भाग पटापट वाचतं, अडला तुकडा सोडून पुढे जातं आणि कुठे काय राहिलं ते एका मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू. नंतरची सगळी शोधाशोध प्रतिमेवर, मूळ डिस्कला हात नाही. तिथे टेस्टडिस्क, फोटोरेक ही फाइल शोधायची सॉफ्टवेअर फुकट आहेत. डीएमडीई जुन्या एमएफटी नोंदींवरून फोल्डर नावासकट उभे करतं, फुकट आवृत्तीत एका वेळी ४००० फाइलपर्यंत. नुसतं फोटोरेक वापरलंस तर फाइल मिळतात पण नावं जातात, मग 'केळी २०१९' शोधायला हजार एक्सेल उघडत बस.

पण हे खराब सेक्टरवालीला. टिक टिक करणारीला दुसरी वाट, लॅब. तिथे धूळ गाळलेल्या खोलीत तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून हिला बसवतात. महाग आहे. आणि झाकण एकदा इथल्या धुळीत उघडलं की लॅबवालेही हात जोडतात. तेव्हा ठरव, आत असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही?

पुण्यातली खान्देशी

दादा, मध्येच बोलते. तिसऱ्या गाडीच्या काट्याची पावती कोणी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकली नव्हती का? आमच्याकडे कटाईला गेलेला प्रत्येक जण टाकतो. आणि टॅलीचा बॅकअप सीएकडे असेल. रिटर्न भरताना टीबीके९०० नावाची फाइल मेलने मागतात. जुन्या मेलमध्ये 'सेंट' बघा. डिस्कला हात न लावता बैठकीपुरतं होऊन जाईल.

तापीकाठ

ताई, तुमच्या तोंडात साखर पडो.

टॅलीची फाइल सीएच्या कम्प्युटरवर निघाली, मार्चअखेरपर्यंतची. आणि पावत्या चुलतभावाच्या मोबाइलमध्ये. त्याने 'मीडिया डिलीट' केलं होतं, पण त्याच चॅटमध्ये आमचा मुकादम होता, त्याच्याकडे तिन्ही फोटो जसेच्या तसे. तिसऱ्या पावतीवर गाडी नंबर, वेळ ४.४०, वजन, काटेवाल्याचा शिक्का. कोपऱ्यात मुकादमाचा अंगठाही आलाय. नानांनी त्याची प्रिंट काढून लाल वहीत चिकटवली आणि माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोल्डरगन भाऊंच्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. सातबारे ऑनलाइन मिळतात. लग्नाचे फोटो नातेवाइकांकडे आहेत. हिशेब दोन-तृतीयांश तरी इकडून तिकडून जमेल. कुठेच नाही ते फक्त आजीचे व्हिडिओ.

आजीचं माहेर पारोळ्याकडचं. आमच्या सावद्याच्या घरात अहिराणी बोलणारी ती एकटीच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची तेव्हा रोटांचा नैवेद्य होईपर्यंत ती गात बसायची. २०१५ ला मी मोबाइलवर पाच वेळा उतरवून घेतलं. एकात मागे मिक्सर चालू आहे, मीच ओरडलोय 'बंद करा तो'. पुढच्या वर्षी ती गेली. मी इथे हिशेब मागायला आलो होतो, आता वाटतं डिस्क हिशेबासाठी नाहीच पाठवायची. लॅबचं सांगा.

सोल्डरगन

मग घरी डीडीरेस्क्यू करू नकोस. मी स्वतः करतो, तरी तुला नको म्हणतोय. लॅबला आधी विचार: तपासणीचे पैसे किती, माहिती नाही निघाली तर किती, आणि हेडसाठी डोनर डिस्क कोण आणणार. हे लेखी घे. पॅकिंग असं कर: अँटिस्टॅटिक पिशवी, त्यावर दोन बोटं जाड फोम, मग घट्ट खोका. वर्तमानपत्राचे बोळे नकोत, दबले की डिस्क आत हलते. एसटी पार्सलने तर मुळीच नको, एकदा आपटून झालंय तेवढं पुरे.

पुण्यातली खान्देशी

मी शनिवारी भुसावळहून रेल्वेने परत जातेय. मांडीवर घेऊन जाईन.

तापीकाठ

तीन आठवड्यांनी कळवतोय, उशिराबद्दल माफी.

बैठक झाली. पावती पाहिल्यावर व्यापारी म्हणाला 'मुलाच्या लक्षात राहिलं नसेल'. अर्धे पैसे आलेत, उरलेले पोळ्यापर्यंत. बघू.

लॅबने हेड बदललं. २२ हजार झाले, नानांनी न विचारता दिले. एका तबकडीवर बाहेरच्या कडेला ओरखड्याचं वर्तुळ होतं, त्याचा फोटो पाठवला त्यांनी, रेकॉर्डवर सुई ओढल्यासारखं. बाकीचं बरंच निघालं. एक्सेलच्या सात वर्षांच्या फाइल चांगल्या आहेत. व्हिडिओंपैकी तीन पूर्ण चालतात. मिक्सरवाला त्यातलाच. चौथा गेला.

पाचवा सर्वात मोठा, अठरा मिनिटांचा, आणि तो उघडत नाही. लॅबवाले म्हणतात चित्र आणि आवाज आत आहेत, पण एमपी४ची सूची मोबाइल फाइलच्या शेवटी लिहितो आणि शेवटचा तुकडा ओरखड्यात गेला. सूची नव्याने बांधता येते, पण त्यासाठी त्याच मोबाइलवर त्याच सेटिंगमध्ये काढलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून लागतो. मी म्हटलं ते तीन आहेत ना! तर ते उभे, लहान आकाराचे. पाचवा आडवा, फुल एचडी.

तो मोबाइल कपाटात सापडला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलंय, चार्जिंगला लावायची हिंमत होत नाही. जळगावला दोन दुकानांत विचारलं, त्या मॉडेलची बॅटरी आता येत नाही म्हणतात. कोणाकडे पडून असेल का?

सोल्डरगन

फुगलेली बॅटरी काढून बाहेर वाळूच्या डब्यात ठेव, टोचू नकोस. मोबाइल घेऊन भुसावळला ये. बॅटरीच्या पिनांना बाहेरून सप्लाय देऊन दोन मिनिटं चालू करू, आडवा धरून माझ्या दुकानाचाच व्हिडिओ काढू. पण येण्याआधी त्याच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगला हात लावू नकोस, २०१५ ला होतं तसंच राहू दे.

धुळेकर७१

आणि भाच्याला सोबत आण. पण लांब बसव.