निफाडचा गारठा: पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काय धरून चालायचं?

कादवाकाठ (निफाड)
रामराम मंडळी. थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे, छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली, मणी फुगवणीत. परवापर्यंत पहाटे कडाक्याचा गारठा होता. काल आभाळ भरून आलं आणि रात्री पांघरूण नकोसं झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक म्हणतो नाताळात पारा पाचाखाली, दुसरा म्हणतो अवकाळी. पाणी, फवारणी, घडांना कागद, सगळं यावर अडलंय. माल युरोपला जायचाय, पिंक बेरीची, म्हणजे मणी गुलाबी पडण्याची, फार धास्ती वाटते. जाणत्यांनी सांगा, अंदाज नेमका कोणता धरायचा?

पिंपळगावचे तात्या
भाऊ, हंगामी अंदाज डिसेंबर ते फेब्रुवारी अशा तीन महिन्यांचा मिळून असतो. 'किमान तापमान सरासरीपेक्षा कमी' असं त्यात आलं तरी कुठली रात्र गारठणार हे त्यातून निघत नाही. त्यावर मी मजूर सांगत नाही. हवामान खात्याचा गुरुवारचा दोन आठवड्यांचा अंदाज वाचा, वारं कुठं फिरतंय ते कळतं. पाणी आणि फवारणी मात्र मंगळवार-शुक्रवारच्या कृषी हवामान पत्रिकेवरच ठरवा. ती पाच दिवसांपुरतीच बोलते, म्हणून माझा तिच्यावर भरवसा आहे.

ढगांचं म्हणाल तर दोन वाऱ्यांची ओढाताण आहे. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, येऊन पुढे सरकला, हिमाचल-काश्मिरात बर्फ पडलं, की मागून कोरडा वारा सुटतो आणि मध्य प्रदेशातून खानदेशात, मग आपल्याकडे उतरतो. आभाळ निरभ्र असलं की पारा भराभर पडतो. बंगालच्या उपसागरात काही शिजलं की उलट होतं. 2024 च्या नोव्हेंबरअखेर फेंजल वादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं आणि डिसेंबर लागताच आपली थंडी पळाली, आठवत असेल. म्हणून ढग हटण्याची बातमी आली की थंडी परतणार असं धरा.

आणखी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो, पण तो झडपांच्या पेटीत, जमिनीपासून वर मोजलेला असतो. नदीकडच्या खोलगट रानात गार हवा साचते, उघड्या पानावर गारठा त्याहून जास्त बसतो. किमान-कमाल तापमापक घडांच्या उंचीवर टांगा. थंडीची लाट जाहीर व्हायला पारा 10 किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश कमी लागतो. वेलीची फुगवण त्याआधीच मंदावते, जाहीर होण्याची वाट बघू नका.

तासगाव_बेदाणा
आमच्याकडे एवढा गारठा नसतो, आमचा जीव ढगांत अडकतो. कादवाकाठ, ढगाळ राहिलं तर भुरी रोगाकडे बघा, पाऊस किंवा जड दव आलं तर डाऊनी (केवडा) रोगाकडे. 26 नोव्हेंबर 2023 ची तुमच्याकडची गारपीट आम्ही टीव्हीवर बघितली, पोटात गोळा आला होता. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्लाही वाचत जा, त्यात हवामानाला धरून रोगांचं लिहिलेलं असतं.

कादवाकाठ (निफाड)
तात्या, तासगावकर, आभारी आहे. कागद आत्ताच लावू का?

पिंपळगावचे तात्या
मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायच्या, आधी लागला पाहिजे. दिवसा ऊन आणि रात्री कडाका, हा फरक वाढला की पाणी उतरताना मणी गुलाबी पडतात. तुमची छाटणी बघता जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत उरकावं लागेल, मजूर आत्ताच सांगून ठेवा. घड ओले असताना मात्र कागद गुंडाळू नका, आधी ढग जाऊ देत. पारा घसरला की पहाटे विहिरीचं पाणी ठिबकमधून थोडं थोडं सोडा, ते रानापेक्षा कोमट असतं. बांधावर शेकोटीचा धूर करायचा तर वारा पडलेला असतानाच.

शुक्रवारची पत्रिका आली की इथंच टाका. दिंडोरी, चांदवडकरांनीही आपापल्या रानातला पहाटेचा पारा लिहावा.