मदत हवी आहे : होमाई व्यारावाला यांची मुंबईतील छायाचित्रे

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्यावर आमच्या वाचनालयात छोटे प्रदर्शन भरवायचे आहे. त्यांनी दिल्लीत टिपलेले नेहरू सहज सापडतात. परंतु मला ओढ आहे ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना त्यांनी टिपलेल्या मुंबईची आणि वर्गमैत्रिणींची, कारण सुरुवातीची त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, ही गोष्ट मनाला फार लागते. आजोबांच्या ट्रंकेतून निघालेल्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या जुन्या इंग्रजी साप्ताहिकाच्या दोन पिवळ्या पानांवर नेमका छायाचित्रकाराच्या नावाचा कोपराच फाटलेला आहे. हे जुने अंक मुंबई-पुण्यात कोठे पाहता येतील आणि प्रदर्शनासाठी परवानगी कोणाकडे मागावी, हे कृपया कळवावे.