गॅरेज आणि पंकचे नवे अल्बम स्पॉटिफायवर कशासाठी?

तबकडी:

गेल्या दोन-तीन वर्षांत गॅरेज रॉक आणि पंकमध्ये, म्हणजे कच्च्या, घरगुती धाटणीच्या रॉकमध्ये, फार चांगलं काम येतंय. आर.एम.एफ.सी.चा 'क्लब हिट्स' २०२३ मध्ये आला. सिडनीच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या उलाडला गावात एका मुलाने शाळकरी वयात घरच्या घरी सुरू केलेला हा बँड. त्या अल्बममधली बारा तारांची गिटार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या स्नूपरचा पहिला अल्बम आला. ढीगभर गाणी आणि अर्ध्या तासाच्या आत सगळा खेळ खलास! ब्रायटनच्या लॅम्ब्रिनी गर्ल्सचा पहिला अल्बम जानेवारी २०२५ चा. पोलीस, ऑफिसातला बायकांचा छळ, जुन्या रहिवाशांना हुसकावून उभ्या राहणाऱ्या महागड्या वस्त्या, सगळ्यांवर त्या तुटून पडतात.

हे सगळं ऐकताना एक गोष्ट मला सतत टोचते, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की या बँडांनी स्पॉटिफाय सोडावं. नवे अल्बम तरी तिथे टाकूच नयेत.

जून २०२५ मध्ये स्पॉटिफायचे संस्थापक डॅनियल एक यांच्या गुंतवणूक कंपनीने हेल्सिंग या जर्मन कंपनीत साठ कोटी युरोंच्या गुंतवणुकीत पुढाकार घेतला. हेल्सिंग लष्करासाठी एआय आणि ड्रोन बनवते, आणि डॅनियल एक स्वतः तिचे अध्यक्ष आहेत. त्यावर आधी डीअरहूफ हा बँड स्पॉटिफायमधून बाहेर पडला. जुलैत मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डने आपलं काम तिथून काढलं आणि बँडकॅम्पवर, म्हणजे बँड जिथे आपले अल्बम थेट विकतात त्या साइटवर, 'द्याल ती किंमत' या बोलीवर ठेवलं. युद्धाविरुद्ध, पैसेवाल्यांविरुद्ध गाणारे बाकीचे बरेच बँड मात्र अजून तिथेच आहेत. मला हे पटत नाही.

आता पैशांचं बोलू. एका प्लेमागे साधारण सेंटचा तिसरा-चौथा हिस्सा मिळतो. २०२४ पासून त्यात आणखी एक अट आली: बारा महिन्यांत हजार प्ले झाले नाहीत तर त्या गाण्याचा छदामही मिळणार नाही. उलट बँडकॅम्पवर दहा डॉलरचा अल्बम विकला की आठ डॉलरच्या आसपास बँडच्या हातात पडतात. म्हणजे अल्बम विकत घेणारा एक माणूस अडीच-तीन हजार प्लेंच्या बरोबरीचा. मग छोट्या बँडला तिथून निघताना गमवायचं काय आहे?

आणि या संगीताची सुरुवातच अशी झाली आहे. ब्रिस्बेनच्या सेंट्सनी १९७६ मध्ये स्वतःच्या लेबलवर (म्हणजे स्वतःच काढलेल्या रेकॉर्ड कंपनीतून) पहिली एकेरी रेकॉर्ड, म्हणजे सिंगल, काढली, पाचशे प्रती. कुठली कंपनी दारात उभं करत नव्हती. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी पाचशे पौंड उसने घेऊन डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारीत हजार प्रती स्वतः छापल्या. त्या हजारांवरून लोकांना कळलं की आपल्यालाही हे जमेल. आता अल्बम काढणं त्याहून स्वस्त झालंय, तरी आपणहून परत मोठ्या दुकानदाराच्या दारात जाऊन उभं राहायचं?

सोलापुरी:

पूर्ण असहमत, आणि जरा रागाने लिहितोय.

मी सोलापुरात राहतो. इथे पंकची रेकॉर्ड मिळणारं दुकान नाही, कधी नव्हतं. ऑस्ट्रेलियातून एक रेकॉर्ड मागवली तर टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीच्या आसपास जातो, वर कस्टम. पाचशे प्रतींची कौतुकं तुम्ही सांगता, पण त्या पाचशे कोणाच्या हाती पडल्या? त्या गावातल्या आणि त्या दुकानांच्या आसपासच्या लोकांच्या. मी त्या पाचशेत कधीच नसणार.

मला एडी करंट सप्रेशन रिंग हा मेलबर्नचा बँड सापडला तो एका रात्री स्पॉटिफायवर भलतंच काही ऐकत असताना, पुढचं गाणं म्हणून आपोआप लागला तेव्हा. तिथून मागे सेंट्स, मग रेडिओ बर्डमन. हे कोणी माणसाने मला सांगितलेलं नाही. सांगणारा माणूसच माझ्या आसपास नव्हता. तुमच्या हिशेबात मी म्हणजे सेंटचा तिसरा हिस्सा. पण माझ्या बाजूने बघा, माझं सगळं संगीत त्या दारातून आलंय.

किंग गिझर्डचं उदाहरण तर देऊच नका. हजारोंच्या गर्दीपुढे वाजवणारा बँड. ते कुठूनही निघाले तरी लोक शोधत जातात. पहिली चार गाणी काढणाऱ्या पोरांना कोण शोधत जाणार?

तबकडी:

सोलापुरी, बँडकॅम्पवर अल्बम फुकट ऐकता येतो की. फोनवर, ब्राउझरमध्ये. कस्टम नाही, टपाल नाही. विकत घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा. दार बंद करा असं मी म्हणतच नाहीये, दुसरं दार आहे एवढंच सांगतोय.

आपोआप पुढचं गाणं लागणं याला मी महत्त्व देत नाही असंही नाही. पण ते यंत्र तुम्हाला एडी करंटपर्यंत घेऊन गेलं यात एडी करंटचा काय फायदा झाला, हेही विचारायला हवं.

सोलापुरी:

दुसरं दार असून उपयोग काय, ते आहे हे कळलं तर पाहिजे. नाव माहीत असल्याशिवाय बँडकॅम्पवर मी काय शोधणार होतो?

चारमोजणी:

मी पुण्यातल्या एका पंक बँडमध्ये ड्रम वाजवतो. नाव सांगत नाही, इथे जाहिरात नको.

आमची गाणी दोन्हीकडे आहेत. स्ट्रीमिंगवरून आम्हाला गुवाहाटीतले ऐकणारे मिळाले, चिलीतले मिळाले. त्यातल्या एकाने मेसेज करून ड्रमच्या एका जागेबद्दल विचारलं. ते आमच्यापैकी कोणालाही पैशांपेक्षा मोठं वाटतं. दुसरं म्हणजे कार्यक्रम मिळवणं. आयोजक आधी आकडे बघतात. महिन्याला किती लोक ऐकतात हे विचारल्याशिवाय तारीख देत नाहीत, मग ते बरोबर असो की चूक. तबकडी, तुम्ही म्हणता गमवायचं काय? तारखा गमवायच्या. आणि आमचं संगीत तर वाजवण्यासाठीच आहे.

पण एक कबूल करतो. लष्कराच्या ड्रोनचा मुद्दा आमच्या सरावात निघाला होता आणि त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. आमचा गिटारवाला तेव्हापासून स्वतः तिथे काही ऐकत नाही. गाणी मात्र अजून आहेत.

मेलबर्नकरीण:

दोन्ही बाजू इंटरनेटवरच भांडताय, म्हणून इथलं थोडं सांगते. अनेक वर्षं मेलबर्नमध्ये आहे, जमेल तेव्हा छोट्या ठिकाणी बँड ऐकायला जाते.

इथल्या गॅरेज-पंकची मुळं कुठे आहेत ते बघा. वर ज्याचं नाव आलं तो एडी करंट सप्रेशन रिंग जमला २००३ च्या शेवटी, रेकॉर्ड छापण्याच्या एका कारखान्याच्या नाताळच्या पार्टीत. पुढे त्यांच्या दुसऱ्या अल्बमला २००८ चं ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ मिळालं. असे बँड लोकांपर्यंत पोहोचतात ते ट्रिपल आर आणि पीबीएस या रेडिओंवरून. ही स्टेशनं श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतात. सूत्रधार स्वतःच्या आवडीचं लावतो, आणि एखाद्या मंगळवारी दुपारी कोणा पोरांची काल आलेली रेकॉर्ड तुमच्या स्वयंपाकघरात वाजते.

आणि मग जागा. कॉलिंगवुडमधला टोट हा जुना पब घ्या. दारूच्या परवान्यांचे नियम असे झाले होते की जिथे बँड वाजतो ती जागा धोक्याची, तिथे सुरक्षारक्षक ठेवा, खर्च सोसा. जानेवारी २०१० मध्ये टोट बंद झाला. पुढच्याच महिन्यात हजारो लोक शहराच्या रस्त्यावर उतरले. वाजवणारे, ऐकणारे, साउंड बघणारे, बारवर काम करणारे, सगळे. सरकारला माघार घ्यावी लागली आणि त्याच वर्षी टोट पुन्हा उघडला. २०२३ मध्ये तो विक्रीला निघाला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, थोडीथोडकी नाही, तीस लाख डॉलर, आणि जागा बँडांसाठी राखली. एका पबसाठी! मी त्या पैशांत माझा वाटा दिला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता अ‍ॅमिल अँड द स्निफर्स हा इथलाच बँड घ्या. २०२४ चा अल्बम त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये फू फायटर्स या बड्या रॉक बँडच्या स्टुडिओत केला, मोठा निर्माता घेऊन. सगळ्या स्ट्रीमिंगवर आहेत, एसी/डीसी या बड्या बँडच्या आधी स्टेडियममध्ये त्यांनी वाजवलंय. तबकडीच्या मापाने हे बाद व्हायला हवेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचा इथल्या फेडरेशन स्क्वेअरला फुकट कार्यक्रम होता. गर्दी आवरेना म्हणून ऐनवेळी रद्द झाला. लोक हिरमुसले. बँडने काय केलं, तर त्या कार्यक्रमाची फी शहरातल्या सात छोट्या ठिकाणांच्या बारवर वाटून ठेवली, की जा, आमच्याकडून प्या. पैसे गेले ते बँड जिथे पहिल्यांदा उभे राहतात त्या जागांच्या गल्ल्यात. मला त्या बँडचं स्पॉटिफायवर असणं त्यापुढे क्षुल्लक वाटतं.

चारमोजणी, तुम्ही तारखांचं म्हणालात ते म्हणूनच मला सगळ्यांत पटलं. पण आकडे बघून तारीख देणारा आयोजक ही स्ट्रीमिंगनेच लावलेली सवय आहे. इथे अजून अशा जागा आहेत जिथे डेमो ऐकून तारीख मिळते, मध्येच एखादा रिकामा गुरुवार मिळतो. त्या जागा का टिकल्या, ते वर लिहिलं.

चारमोजणी:

ताई, आमच्याकडे असा रिकामा गुरुवार देणारी जागा नाही हीच अडचण आहे. पुण्यामुंबईत जागा उघडतात आणि बंद होतात. मुंबईच्या ब्लू फ्रॉगला तर बऱ्यापैकी पैसेवाला प्रेक्षक होता, तोही २०१६ मध्ये बंद झाला. वर्गणी काढायची तर आमचा प्रेक्षक एका हॉलमध्ये मावतो.

जुनाबाजार:

स्वतंत्र असण्याचं तत्त्व मला मान्य आहे, पण आपल्याच देशातली एक गोष्ट सगळे विसरताय.

भारतातलं गॅरेज रॉक आज ऐकायला मिळतं ते कोणामुळे? सिगारेट कंपनीमुळे. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला सिगारेटच्या नावाने अखिल भारतीय बीट (म्हणजे रॉक बँडांच्या) स्पर्धा झाल्या, अंतिम फेरी मुंबईत षण्मुखानंद हॉलमध्ये. त्यातल्या बँडांच्या दोन एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, निघाल्या. मुंबईचा वेल्व्हेट फॉग, मद्रासचा कन्फ्यूजन्स, शिलाँगचा फेंटोन्स. आवाज कच्चा, मुद्दाम फाटक्या आवाजाची फझ गिटार कानात घुसणारी, आणि पोरं जीव तोडून वाजवताहेत. त्या एलपी नव्या ऐकणाऱ्यांनी बाहेर काढल्या, परदेशात पुन्हा छापल्या गेल्या.

त्या पोरांनी 'तंबाखूवाल्याच्या पैशाने रेकॉर्ड नको' म्हटलं असतं तर ते नैतिकदृष्ट्या ठीकच झालं असतं. आणि आपल्याकडे काहीही उरलं नसतं. त्या काळी इथे स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती छापणं कोणा कॉलेजच्या पोराला शक्य नव्हतं. अमेरिकेतही तेच. साठच्या दशकात गावोगावच्या बँडांनी काढलेल्या एकेरी रेकॉर्ड विस्मरणात चालल्या होत्या, त्या वेचून १९७२ मध्ये दोन तबकड्यांचा संच काढला तो इलेक्ट्रा या बड्या कंपनीने. आज आपण ज्याला गॅरेज म्हणतो ते त्या संचामुळे जगाला दिसलं. संगीत आधी टिकलं पाहिजे, मग त्याच्या पैशाचा रंग बघा.

तबकडी:

जुनाबाजार, सिमला बीटचं तुम्ही आणलंत ते फार बरं केलंत. पण मला त्यातून उलटं दिसतं. कंपनीला सिगारेट खपवायची होती तोवर स्पर्धा झाली. ती थांबली आणि दोन एलपींनंतर त्या बँडांना पुढची रेकॉर्ड काढायला वाटच उरली नाही. त्या पोरांकडे स्वतःचं काही नव्हतं: यंत्र नाही, लेबल नाही, ऐकणाऱ्यांची यादी नाही. तेव्हा पर्याय नव्हता म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. आजच्या पोराकडे लॅपटॉप आहे, अल्बम दहा मिनिटांत जगापुढे ठेवता येतो. १९७० ची मजबुरी आज कशी लावता?

टिकण्याबद्दलही बोलू. किंग गिझर्डने नोव्हेंबर २०१७ मध्ये एका अख्ख्या अल्बमच्या मास्टर फाइल्स, म्हणजे रेकॉर्ड छापायला लागणाऱ्या मूळ फाइल्स, फुकट वाटल्या. ज्याला पाहिजे त्याने रेकॉर्ड छापा, विका. जगभरच्या छोट्या लेबलांनी त्याच्या ढीगभर आवृत्त्या काढल्या. आता तो अल्बम हरवणं शक्य आहे का? कुठल्या कंपनीने सर्व्हर बंद केला तरी?

असहमत_तरी_आदर:

एकच प्रश्न. तुम्ही बँडकॅम्पला देव्हाऱ्यात बसवलंय. २०२२ मध्ये ते एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने विकत घेतलं. दीड वर्षात साँगट्रेडर या दुसऱ्या कंपनीला विकलं, आणि त्या व्यवहारात जवळजवळ निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. एका दुकानदाराच्या दारातून दुसऱ्याच्या दारात, एवढंच झालं ना? उद्या तिसऱ्याने विकत घेतलं आणि वाटा बदलला तर?

तबकडी:

तर तिथूनही निघायचं. शिकागोची ड्रॅग सिटी ही रेकॉर्ड कंपनी, जिथून गॅरेज रॉकवाल्या टाय सीगलचे अल्बम येतात, ती २०१७ पर्यंत स्ट्रीमिंगबाहेर राहिली आणि रेकॉर्ड विकून जगली. पुढे गेली तिकडे, पण तोवर स्वतःचा गिऱ्हाईकवर्ग तिच्या हातात होता. मला हव्या त्या क्रमाने झालं ते.

बँडकॅम्पमधल्या नोकरकपातीबद्दल तुमचा राग मला मान्य आहे. तरी खरेदी करणाऱ्याचा ईमेल बँडला मिळतो, हा फरक मी मोठा मानतो. दुकान बदललं तरी ती यादी बँडकडे राहते.

सोलापुरी:

यादी, ईमेल, मास्टर फाइल्स, सगळं आधीच आत असलेल्यांसाठी. माझा प्रश्न पहिल्या प्रतिसादात होता आणि अजून तिथेच आहे. जो बाहेर आहे त्याच्या कानावर पहिलं गाणं पडणार कसं? मेलबर्नकरीण ताईंनी रेडिओचं सांगितलं ते उत्तर आहे, मानतो. ट्रिपल आर इंटरनेटवर लागतो हे मला आजच कळलं, सध्या तेच चालू आहे. पण मराठीत, हिंदीत गाणारे पंक बँड तो रेडिओ लावणार नाही. आपल्याकडे ते काम कोण करणार, हे सांगा आणि मग पोरांना स्पॉटिफाय सोडायला सांगा.

चारमोजणी:

काल सरावात हा धागा वाचून दाखवला. चार नवी गाणी तयार आहेत. गिटारवाला म्हणतो फक्त बँडकॅम्प. बासवाला म्हणतो दोन्हीकडे, एकाच दिवशी. मी सुचवलंय की पहिला महिना फक्त बँडकॅम्प आणि कॅसेट, कॅसेट कार्यक्रमाच्या दारातच विकायच्या, मग बाकीकडे. बासवाल्याला अजून मान्य नाही, त्याचं म्हणणं अगदी सोलापुरींसारखं आहे.

तबकडी:

एका महिन्यात काही होत नाही, लोकांना सवय लागायला वेळ द्या. सहा महिने ठेवा. आणि कॅसेट टपालानेही पाठवा, सोलापूरला पहिली. पैसे मी भरतो.