मदत हवी आहे: पास स्वस्तात पडतो पण दोन टोकांवरच पैसे चाल्ले (अमरावती अपडाऊन)

फाट्यावरचा
राम राम मंडळी. बीएस्सी सेकंड इयरला आहो, कॉलेज अमरावतीत अन् गाव चांदूर रेल्वे तालुक्यात, मेन रोडच्या फाट्यापासून ७ किलोमीटर आत. रोज अपडाऊन. एसटीचा विद्यार्थी पास आहे, ६६.६७ टक्के सवलत म्हणजे आपल्याले तिसरा हिस्साच भरा लागते. जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १४.९५ टक्के वाढलं तसा पासही वाढला, आता महिन्याला चौदाशेच्या घरात जातो. पण माझं रडणं पासाचं नाहीच.

सकाळी ७ ची गाडी गावातूनच भेटते, थेट अमरावती, तिचं काही टेन्शन नाही. संध्याकाळी गावात येणारी गाडी अमरावतीहून ४:४५ ला सुटते अन् आमचं प्रॅक्टिकल आठवड्यातून चार दिवस ५ ला संपते. मंग मागची चांदूरची कोणतीही गाडी पकडतो, फाट्यावर उतरतो अन् तिथून ऑटो. भरला तर ३० रुपये, नाही भरला तर म्हणते पुऱ्या ऑटोचे १५० दे. अंधार पडल्यावर भरतच नाही. मागच्या मंगळवारी पावणेआठपर्यंत पानठेल्यावर बसून होतो, शेवटी एक काका ढेपीची दोन पोती घेऊन आले, ऑटोवाल्यानं त्या पोत्याइले पण सवारी धरलं अन् निघालो एकदाचे.

इकडे अमरावतीत स्टँड ते कॉलेज शेअर ऑटो, जायचे २० यायचे २०. परवा वहीत मांडून पाहिलं. फाट्याचा ऑटो १६ दिवस, झाले ४८०. शहरातला २२ दिवस, झाले ८८०. दोन्ही मिळून १३६०, म्हणजे एवढ्या लांबच्या पासाले जेवढे लागतात तेवढेच या दोन टोकाच्या तुकड्याले लागून राहिले! बाबा म्हणतात मोटरसायकल नेत जा, पण ती ४५ चा अॅव्हरेज देते, रोजचं पावणेदोन लिटर पेट्रोल कोण टाकणार. घरी ३ एकर आहे, यंदाच्या सोयाबीनचं विचारू नका.

बहीण अकरावीत आहे, चांदूरला जाते, तिला हाफ तिकीट लागते म्हणून तिचं काही नाही. माह्यासाठी काही सुचत असेल तर सांगा. रूम करा असं सांगू नका, तेवढे असते तर इथं लिहिलंच नसतं.

ठेचाभाकर
पहिले ते ८८० बंद कर बे. स्टँडात कायले जातो उतरायले? कंडक्टरले इचार, तुह्या कॉलेजच्या साइडले अलीकडं कोणता स्टॉप हाय, तठी उतर अन् पायी जा. म्या तीन वर्सं दोन किलोमीटर पायी गेलो, अर्धा घंटा लागते, काही झिजलो नाई. फाट्यावर घरची जुनी सायकल ठेव. पानठेल्यावाला वयखीचा असनच, रोज त्याच्याकडंच तं बसतो तू.

बडनेरा लोकल
रेल्वेचा विचार केला का? चांदूर ते बडनेरा मेन लायनीवर आहे, एमएसटी (रेल्वेचा महिन्याचा पास) एसटीच्या पासापेक्षा लय स्वस्त पडते अन् विद्यार्थ्यांना त्यात परत अर्धी सवलत. कॉलेजचं सर्टिफिकेट लागते. तीन महिन्यांची एकदम काढली तर २.७ महिन्यांचेच पैसे. फक्त रिझर्वेशनच्या डब्यात चढू नको, दंड बसते, अन् सुपरफास्टचा सरचार्ज वेगळा.

फाट्यावरचा
@बडनेरा लोकल भाऊ, स्टेशन मले उलट्या दिशेले पडते, गावाहून चांदूरलाच जायचं म्हटलं तर परत ऑटो आला, अन् बडनेऱ्याहून पुढं अमरावतीपर्यंत वेगळं. पण आमच्या वर्गातल्या दोघीजणी चांदूरच्याच आहेत, त्याइले सांगतो.

बडनेरा लोकल
पोरी असतील तर मग त्यांनी पैसेच भरू नयेत. घर ते कॉलेज सेकंड क्लासचा एमएसटी पोरींना ग्रॅज्युएशनपर्यंत फ्री आहे, पोरांना बारावीपर्यंत. कित्येकींना माहीतच नसते.

डबलबेल
बेटा, मी २६ वर्षं एसटीत वाहक होतो, आता घरी असतो. तुझी पोस्ट दोनदा वाचली. तुझं नंतर सांगतो, पहिले बहिणीचं. ती अकरावीत आहे ना, मग हाफ तिकीट कशाला काढते? ते अर्ध्या तिकिटाचं १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना आहे. पण खेड्यातून शिकायला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, मोफत म्हणजे शून्य रुपये. शाळेतून फॉर्मवर सही-शिक्का आणा, आधार अन् फोटो लावा. गेल्या दोन वर्षांपासून जूनमध्ये पास शाळेतच वाटायचं सुरू केलंय, ती त्या दिवशी गैरहजर असेल तर राहून गेलं असेल. तुझं घर महिन्याला किती रुपये उगाच भरते ते वहीत मांड एकदा.

आता तुझं. गाडी ४:४५ ची ५:३० करून मागायची असेल तर एकट्यानं जाऊन काही होत नाही. त्या रूटवरच्या सगळ्या गावांचे पोट्टे-पोट्टी मोजा, अर्जावर सह्या घ्या, प्रत्येकाचा पास नंबर लिहा, सोबत सरपंचाचं पत्र अन् कॉलेजचं टाइमटेबल जोडा. आगार व्यवस्थापकाच्या नावानं द्या अन् दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. पास नंबर याच्यासाठी की किती पासधारक त्या वेळेला बसणार ते त्यांना कागदावर दिसते. नुसतं 'विद्यार्थ्यांची गैरसोय होते' असं लिहिलेले अर्ज मी ढिगानं पाहिलेत. अन् ४:४५ ला जाणारे म्हातारे, बाजारकरी पण असतात, त्यांना विचारल्याशिवाय वेळ बदलून मागू नका, नाही तर गावातच भांडण.

यवतमाळची ताई
थोडं विषयाला सोडून, पण कॉलेजच्या मुलींसाठी लिहिते, कारण मीच चुकले होते. एमएला असताना आठवड्याला तीन दिवसच जायचे, तरी दर महिन्याला पास काढायचे. पास म्हणजे महिन्याच्या भाड्याचा तिसरा हिस्सा, अन् तिकीट आता अर्धं. रोज जाणारीला पास परवडतो, तीन दिवस जाणारीला हाफ तिकीटच परवडते. काउंटरवर महिन्याचे किती दिवस धरतात ते विचारून मगच काढा. अजून एक, पास ज्या तारखेला काढला तिथून महिना मोजतात, तर दिवाळीच्या चार दिवस आधी रिन्यू करू नका, माझा अर्धा पास सुट्ट्यांत पर्समध्ये राहिला होता 😅

@फाट्यावरचा दादा, रूम नको म्हणालास म्हणून भीत भीत सांगते. बाबांकडे अल्पभूधारकाचा दाखला असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघ, अन् अनुसूचित जातीत असशील तर स्वाधार. अर्ज वेळेत लागतो, पुढच्या वर्षीसाठी आत्तापासून कागदं गोळा कर.

ठेचाभाकर
ताईनं बरोबर सांगतलं. सोयाबीन सोंगणीच्या वक्ती पण पास काढू नोको राजा, आठ दिवस तं तू वावरातच रायशील.

फाट्यावरचा
बारा दिवसानं अपडेट देऊन राहिलो, नेट नव्हतं.

बहिणीचा फ्री पास झाला! फॉर्म शाळेच्या ऑफिसातच पडून होता, आम्हीच कधी विचारलं नाही. आई मले म्हणे तू कॉलेजात शिकून काय शिकला. डबलबेल काका, तुम्हाले घरी जेवायला या म्हणून सांगितलंय तिनं, पुरणपोळी करते म्हणे.

शहरातला ऑटो बंद केला. अलीकडच्या स्टॉपवर उतरतो, २२ मिनिटं पायी. पावसाच्या दिवशी बसलो ऑटोत दोनदा, खोटं कायले बोलू.

अर्ज दिला. मले वाटलं होतं आम्ही सातआठ जणच असू, फिरलो तर चार गावांचे १९ निघाले, त्यातले पाच तर मले तोंडओळखीचे पण नव्हते, रोज एकाच गाडीत बसतो तरी. ४:४५ वाल्या म्हाताऱ्याइले विचारलं. दोघं म्हणाले चालते, एक आजी म्हणे माही गाय दुधाची आहे, धार काढायले उशीर झाला तर तू येतो का. मंग अर्जात आम्ही वेळ बदला असं लिहिलंच नाही, मंगळवार ते शुक्रवार तेवढी पाऊण तास उशिरा सोडा असं लिहिलं, आजीचा बाजार सोमवारीच असते. आवकचा शिक्का घेतला आहे, अजून उत्तर आलं नाही.

सायकल काढली, बाबाची आहे, दोन्ही ट्यूब बदलून चेन टाकली, ४५० लागले. म्हणजे एका महिन्याचा ऑटो. पानठेल्यावाला ठेवू देते, फक्त संध्याकाळी एक चहा त्याच्याकडंच घ्या लागते.

आता एकच सांगा. फाट्यापासून दोन किलोमीटरवर रोह्याइचा (नीलगायींचा) कळप रस्त्यातच उभा राहते, परवा जवळ गेल्यावरच दिसला. सायकलले डायनामो बसवू का चार्जिंगचा लाइट?

डबलबेल
डायनामो. चार्जिंगचा लाइट नेमका अमावस्येला मरते. अन् घंटी वाजवत जा, रोही सरकते. पुरणपोळीला रविवारी येतो.