मदत हवी आहे: चित्रं काढायला हातच जात नाहीये

नमस्कार मंडळी, मी वॉटरकलर करते, शिकलेली वगैरे नाही, रविवारी वाईला नाहीतर मेणवलीच्या घाटावर बसून स्केच करायचं एवढंच. मेणवलीची ती मोठी घंटा, १७३९ ला वसई जिंकल्यावर आणलेली, ती तर मी किमान दहा वेळा काढली असेल आणि एकदाही धड जमली नाही 😅

झालं असं की दोन वर्षांपूर्वी चित्रं इन्स्टावर टाकायला लागले आणि हळूहळू काय काढायचं हे लाइक्स बघूनच ठरायला लागलं, मग आईचं आजारपण, रात्रीची जागरणं, आणि आता सहा महिने ब्रश कोरडाच आहे. परवा ३०० जीएसएमचा (वॉटरकलरचा जाड) पेपर काढला तर पावसाळी दमटपणाने खराब झालेला, वॉश (पातळ रंगाचा हात) दिला की डागच डाग. रडूच आलं, खरं तर पेपरसाठी नाही.

तुमचंही असं झालं असेल तर परत सुरुवात कशी केलीत? चित्रं कुणाला न दाखवता काढायची का थोडे दिवस? पण दाखवल्याशिवाय करमतही नाही हो. साताऱ्याकडे एकत्र बसून स्केचिंग करणारं कुणी आहे का? आणि तो डागाळलेला पेपर कशाला वापरता येईल तेही सांगा.